रिचार्ज संपला, पण बॉक्स कुणाचा?

महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आज टीव्हीच्या शेजारी किंवा माळ्यावर एक सेटटॉप बॉक्स पडून आहे. मुलं मोबाइलवर बघतात, मोठ्यांच्या टीव्हीला वायफाय आलं, मालिका ॲपवर दिसू लागल्या, आणि एके दिवशी घरात ठरतं की आता डीटीएचचा रिचार्ज करायचा नाही. बॉक्स मात्र राहतो. तो विकत घेतलेला असतो, त्याची पावती कुठल्याशा फाइलमध्ये असते, बटण दाबलं की त्याचा दिवा लागतो, रिमोटही चालतो. पडद्यावर फक्त एक सूचना येते की खातं बंद आहे, रिचार्ज करा. चांगली धडधाकट वस्तू त्या क्षणापासून निकामी होते. आपण सगळ्यांनी हे इतकं सहज स्वीकारलंय की यात काही चुकतंय असंही कुणाला वाटत नाही. मला ते चुकीचं वाटतं. सेवा बंद करण्याचा कंपनीला पूर्ण अधिकार आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू बंद पाडण्याचा अधिकार तिला कुणी दिला, हा माझा प्रश्न आहे.

बॉक्स उलटा करून पाहिला तर हा प्रश्न नेमका कळतो. मागच्या बाजूला छत्रीकडून येणारी वायर फिरवून बसवायची पितळी आट्यांची जागा असते. शेजारी एचडीएमआय, जुन्या टीव्हीसाठी लाल-पांढरी-पिवळी पिन खोचायच्या जागा, एक यूएसबी, आणि बऱ्याच बॉक्सना कार्ड सरकवायची फट. आत एक ट्यूनर असतो, तो छत्रीतून आलेल्या लहरींमधून हवी ती वाहिनी वेगळी काढतो. एक चिप असते, ती दाबून लहान केलेलं चित्र पुन्हा उलगडते. ही सगळी यंत्रणा कुठल्याही कंपनीच्या बॉक्समध्ये साधारण सारखीच असते. वेगळं असतं ते कुलूप. प्रक्षेपण सांकेतिक करून पाठवलेलं असतं, ते उघडणारी किल्ली दर काही सेकंदांनी बदलते, आणि तुमच्या कार्डाला किंवा चिपला ती किल्ली वाचायची परवानगी आहे की नाही, हे सांगणारा संदेश कंपनी उपग्रहावरूनच पाठवत राहते. रिचार्ज संपला की ती परवानगी संपते. बाकी ट्यूनर, चिप, यूएसबी, एचडीएमआय सगळं जागच्या जागी, जसंच्या तसं असतं.

पैसे भरल्याशिवाय दिसू नयेत अशा वाहिन्यांना कुलूप लावणं रास्तच आहे. चित्रपट, क्रिकेट, मालिका तयार करायला पैसा लागतो. तो न देता बघणं ही चोरीच. ‘सेटिंग करून’ बंद वाहिन्या चालू करून देणारे लोक गावोगाव भेटतात, त्यांची बाजू मी घेत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कुलूप पेड वाहिन्यांना असावं. आज ते सबंध बॉक्सला लागतं.

याचा सगळ्यांत मोठा पुरावा म्हणजे मोफत वाहिन्या. ज्यांना इंग्रजीत फ्री-टू-एअर म्हणतात त्या वाहिन्यांसाठी प्रेक्षकाकडून वर्गणी घेतलीच जात नाही. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीचं एक पैसाही शुल्क नाही. तरीही 2019 च्या फेब्रुवारीत ट्राय या नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धत आली तेव्हा 100 वाहिन्यांपर्यंत 130 रुपये आणि त्यावर जीएसटी, असं नेटवर्क कपॅसिटी फीचं गणित सुरू झालं. म्हणजे एकही पेड वाहिनी न घेता फक्त मोफत वाहिन्या पाहणाऱ्यालासुद्धा दरमहा दीडशेच्या आसपास मोजणं आलं. पुढे 2020 मध्ये तेवढ्याच पैशांत 200 वाहिन्या झाल्या, 2024 मध्ये या शुल्कावरची कमाल मर्यादा निघाली, पण मूळ तत्त्व तेच राहिलं. वाहिनी फुकट, तिच्यापर्यंत पोचायचे पैसे.

केबलच्या बाबतीत हे मला पटतं. गल्लीतून वायर ओढायची, पावसाळ्यात ती तुटली की जोडायची, खांबावर ॲम्प्लिफायर सांभाळायचा, याला माणसं लागतात. ज्याने कनेक्शन सोडलं त्याची वायर केबलवाल्याने काढून नेली तर तक्रार करता येणार नाही. पण उपग्रहाचं तसं नाही. छत्तीस हजार किलोमीटरवरून येणारं प्रक्षेपण वर्गणीदाराच्या गच्चीवर जितकं पडतं तितकंच शेजाऱ्याच्या गच्चीवर पडतं. सह्याद्री पाहणारा आणखी एक माणूस वाढला म्हणून कंपनीचा एक रुपयाही खर्च वाढत नाही. छत्री त्याची, बॉक्स त्याचा, वीज त्याची. अशा माणसाला सार्वजनिक वाहिनी नाकारण्यात कुणाचं काय वाचतं?

शिवाय या वाहिन्या तिथे आहेत त्या कंपनीच्या मेहेरबानीने नाहीत. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या, लोकसभा आणि राज्यसभेचं प्रक्षेपण प्रत्येकाने दाखवलंच पाहिजे, असं बंधन आहे. ते घालण्यामागे विचार होता की संसदेत काय चाललंय, राज्यात पूर आलाय का, निवडणुकीचा निकाल काय, हे कळायला कुणाच्या खिशाची अडचण येऊ नये. 1995 साली क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं स्पष्ट केलं. त्यातलं मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. आकाशातून येणाऱ्या लहरींवर सरकारचीही मक्तेदारी नाही आणि पैसेवाल्याचीही नाही, त्या लोकांच्या आहेत, या पायावर तो निकाल उभा आहे. लहरी लोकांच्या असतील, वाहिनी लोकांच्या पैशांवर चालत असेल आणि बॉक्स त्या माणसाने विकत घेतला असेल, तर मधलं कुलूप कुणाच्या वतीने लावलंय?

इथे एक तांत्रिक आक्षेप येतो. 2011 च्या दुरुस्तीनंतर केबल कायद्यानेच डिजिटल प्रक्षेपण सांकेतिक स्वरूपात करायला सांगितलंय, वर्गणीदार किती याचा हिशेब राहावा म्हणून. आक्षेप खरा आहे, पण तो माझ्या मागणीच्या आड येत नाही. कुलूप असू द्या, फक्त या मोजक्या वाहिन्यांची किल्ली कधीच काढून घेऊ नका. परवानगीचा तो संदेश मुदतीविना पाठवता येतो. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवा उपग्रह लागत नाही.

ब्रिटनमध्ये असं घडून गेलेलं आहे. तिथल्या स्काय कंपनीच्या उपग्रह सेवेतून बीबीसी दिसायची. 2003 साली बीबीसीने आपल्या वाहिन्यांवरचं सांकेतिक आवरण काढून टाकलं. नंतर वर्गणी थांबवलेल्या घरातही स्कायचा जुना बॉक्स बीबीसी आणि इतर मोफत वाहिन्या दाखवत राहिला. स्काय प्लसच्या बॉक्सवर रेकॉर्डिंगची सोय मात्र बंद व्हायची, आणि डिस्क स्वतःच्या मालकीची असूनही ती का बंद, यावर तिथले ग्राहक नाराज असायचे. ती नाराजी मला योग्यच वाटते. पुढे स्काय क्यू आलं तेव्हा कंपनीने बॉक्स विकणं सोडून तो वापरायला द्यायला सुरुवात केली. वर्गणी संपली की परत करायचा. ही व्यवस्था प्रेक्षकाच्या सोयीची नसेल, पण तिच्यात व्यवहार स्वच्छ आहे. वस्तू कुणाची हे पहिल्या दिवशी माहीत असतं. आपल्याकडे मात्र पैसे विकत घेतल्याचे आणि हक्क भाड्याने घेतल्याचे, असा प्रकार चालतो.

याची झळ कुणाला लागते ते कोकणात दिसतं. मुंबईतल्या चाकरमान्याचं गावचं घर वर्षातला बराच काळ बंद असतं, नाहीतर तिथे एखादी म्हातारी आजी एकटी राहते. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात घर भरतं. तेव्हा पोरं रिचार्ज मारतात, महिनाभर टीव्ही चालतो, आणि मंडळी मुंबईला परतली की पुढच्या महिन्यात तो बंद पडतो. आजीला पेड मालिका नसल्या तरी चालतील. तिला बातम्या हव्या असतात, सकाळची भक्तिगीतं हवी असतात, वादळाचा इशारा आला तर तो कळायला हवा असतो. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वीज आणि मोबाइल दोन्ही कोलमडले, ते नंतर. त्याआधीच्या दोन दिवसांत घराघरांत इशारा पोचणं महत्त्वाचं होतं, आणि टीव्ही त्याचा एक मोठा मार्ग होता. छपरावर छत्री आणि कोनाड्यात चालू बॉक्स असलेल्या घरात रिचार्ज नाही म्हणून दूरदर्शन दिसू नये, हे मला कुठल्याही हिशेबात बसवता येत नाही.

हे सगळं कुणाला सुचलंच नव्हतं असं नाही. आपल्याकडे डीटीएचच्या मार्गदर्शक सूचना 2001 च्या मार्चमध्ये निघाल्या, पहिला खासगी बॉक्स बाजारात यायच्याही आधी. बॉक्स खुल्या रचनेचा असावा, एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेला चालावा, असं त्यांत स्पष्ट लिहिलं होतं. त्यासाठी बॉक्सला एक वेगळी खाच ठेवायची. कंपनी बदलली की त्या खाचेत नव्या कंपनीचं मॉड्यूल बसवायचं आणि जुनाच बॉक्स वापरायचा. कल्पना चांगली होती. कंपन्यांनी खाच दिलीही. पण मॉड्यूल बाजारात सहज मिळेना, मिळालं तर नव्या बॉक्सपेक्षा महाग पडे. आणि एका कंपनीचं प्रक्षेपण जुन्या एमपेग-2 पद्धतीचं तर दुसरीचं एमपेग-4, त्यामुळे मॉड्यूल बसवूनही चित्र येईना. अट कागदावर पाळली गेली, हेतू वाया गेला. 2013 मध्ये ट्रायने दुसरी वाट धरली. बॉक्स परत करा आणि ठरलेल्या सूत्राने पैसे घ्या, भाड्याने घ्या किंवा हप्त्याने घ्या, असे पर्याय द्यायला सांगितले. तेही कितीजणांना माहीत आहे? बॉक्स बसवायला येणारा पोरगा या पर्यायांबद्दल सांगत नाही, गिऱ्हाईकही विचारत नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये ट्रायने पुन्हा शिफारस केली की सगळे बॉक्स एकमेकांच्या सेवेला चालतील असेच हवेत, आणि टीव्हीलाही तशी सोय हवी. तरीही दुकानात जाऊन ‘कुठल्याही कंपनीला चालेल असा बॉक्स द्या’ म्हटलं तर तो आजही हाती पडत नाही.

अमेरिकेचा अनुभवही असाच आहे. तिथे 1996 च्या दूरसंचार कायद्यात बॉक्सची खुली बाजारपेठ निर्माण करण्याचं कलम होतं. त्यातून केबलकार्ड नावाची सोय आली, 2007 पासून केबल कंपन्यांच्या स्वतःच्या बॉक्सनाही ती सक्तीची झाली, आणि तरी बहुसंख्य लोक कंपनीचाच बॉक्स भाड्याने घेत राहिले. 2016 मध्ये तिथल्या नियामकाने बॉक्स खुले करण्याचा प्रस्ताव आणला; एक सरासरी घर या भाड्यापोटी वर्षाला 231 डॉलर भरतं, हा आकडा तेव्हा चर्चेत होता. प्रस्ताव बारगळला, 2020 मध्ये केबलकार्डाचे नियमही गेले. यावरून काहीजण म्हणतात, बघा, जगात कुठेच जमलं नाही, सोडून द्या. मला दोन्ही देशांच्या इतिहासातून वेगळं दिसतं. दोन्हीकडे जोडणीच्या जागेबद्दल नियम झाले. ग्राहकाच्या हक्काबद्दल नियमच झाला नाही. खाच असावी असं सांगितलं गेलं, पण वर्गणी संपल्यावर बॉक्सने काय काय करत राहिलं पाहिजे, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

मोबाइलमध्ये आपण हे करून दाखवलंय. 2003 साली रिलायन्सने 501 रुपयांत फोन हातात दिला. रिक्षावाल्याच्या, भाजीवाल्याच्या खिशात पहिल्यांदा मोबाइल आला, हे त्या योजनेचं मोठं काम. पण तो फोन त्याच कंपनीच्या जाळ्याला बांधलेला होता. कंपनी सोडली की फोनही संपला. त्याच वेळी जीएसएमचा फोन घेणारा माणूस कार्ड काढून दुसरं घालू शकत होता. देशाने पुढे कुठली वाट धरली ते सगळ्यांसमोर आहे. 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबरही सोबत नेता येऊ लागला, आणि दर कुठल्या कुठे खाली आले. फोन ग्राहकाचा आणि सेवा कंपनीची, ही विभागणी पक्की झाली म्हणून कंपन्या बुडाल्या नाहीत. ज्या टिकल्या त्या सेवेच्या जोरावर टिकल्या. स्वयंपाकघरातला गॅस घ्या. सिलिंडर आणि रेग्युलेटरसाठी अनामत भरतो, कनेक्शन सोडलं की ती परत मिळते, आणि शेगडी आपली असते. एजन्सी बदलली म्हणून कुणी येऊन शेगडीचे बर्नर बंद करून जात नाही.

आता कंपन्यांची बाजू. बॉक्स बनवायला जितका खर्च येतो त्यापेक्षा कमी किमतीत आम्ही तो देतो, असं त्या सांगतात. हे बऱ्याच प्रमाणात खरं आहे. सुरुवातीच्या काळात ग्राहक ओढण्यासाठी कंपन्यांनी मोठा तोटा सोसला. पण सवलतीची भरपाई किती वर्षांत होते याला काही मर्यादा असेल की नाही? पाच-सात वर्षं दरमहा रिचार्ज करणाऱ्या घराने बॉक्सची उरलेली किंमत केव्हाच फेडलेली असते. वसुलीची मुदत पावतीवर छापा, आधी सोडलं तर उरलेली रक्कम मागा, आणि मुदत संपली की बॉक्स मोकळा करा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित करार ही संकल्पना आलीच आहे. बांधून ठेवणारी पण मुदत न सांगणारी अट तिच्या कसोटीवर उतरते का, हे कुणीतरी आयोगापुढे नेऊन बघायला हवं.

दुसरं कारण सुरक्षिततेचं देतात. बॉक्स मोकळा केला तर त्यातली कुलपाची यंत्रणा चोरांच्या हाती लागेल. म्हणून तर बऱ्याच बॉक्समध्ये कार्ड वेगळं असतं. कार्ड परत घ्या, किल्ल्या पुसा. माझी मागणी कुलूप फोडण्याची नाही, कुलूप काढून नेल्यावर उरलेला बॉक्स चालू ठेवण्याची आहे.

नव्या अँड्रॉइड बॉक्सच्या बाबतीत तर हे अगदीच सोपं आहे. त्यांत वायफाय आहे, ॲप आहेत, यूएसबीवरचे फोटो आणि गाणी चालतात. उपग्रहाची वर्गणी संपली तरी हा भाग चालायला कुठलीच अडचण नाही, आणि काही बॉक्सवर तो चालतोही. ज्यांच्यावर रिचार्जची पाटी सबंध पडदा अडवून बसते, त्यांना दोषच द्यायला हवा, कारण जुन्या साध्या टीव्हीला इंटरनेट जोडण्याचा तोच एक स्वस्त मार्ग त्या घराकडे असतो.    भारत सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. दुरुस्तीचा हक्क मान्य असेल, तर मुळात न बिघडलेली वस्तू चालवण्याचा हक्क त्याच्या आधी यायला हवा.

दरम्यान लोकांनी आपली वाट शोधलेलीच आहे. दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा, फ्री डिश, 2004 च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. दरमहा काही भरायचं नाही. मराठवाड्यात, विदर्भात, कोकणातल्या वाड्यावस्त्यांवर खासगी कंपनीची जुनी छत्री भिंतीवर तशीच ठेवून माणूस एखाद्या मेकॅनिकला बोलावतो. तो पाना घेऊन वर चढतो, नट सैल करतो आणि छत्री जराशी फिरवतो, आग्नेयेला 93.5 अंशांवरच्या जीसॅट-15 कडे. खालून कुणीतरी सिग्नलची टक्केवारी ओरडून सांगत असतं. छत्री तीच, बहुतेक वेळा छत्रीच्या तोंडाशी असलेला एलएनबी तोच, वायर तीच. बदलावा लागतो तो फक्त बॉक्स. उन्हापावसात उघड्यावर पडलेली सगळी सामग्री कुठल्याही उपग्रहाला चालते आणि घरात झाकून जपलेली वस्तूच चालत नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्याने दूरदर्शनला मिळणारं क्रिकेट सामन्यांचं प्रक्षेपण फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवता येईल. तेव्हापासून भारताचे असे सामने फुकट पाहायचे तर खासगी बॉक्स उपयोगाचा नाही, त्यामुळे जुन्या बॉक्सला फ्री डिश पकडू देणं आणखीच महत्त्वाचं झालंय. ट्यूनरला दुसऱ्या उपग्रहाची वारंवारता शोधू देणारा एक पडदा, एवढंच सॉफ्टवेअरमध्ये लागतं. बऱ्याच बॉक्समध्ये तो असतोच, बसवणाऱ्या माणसासाठी, गिऱ्हाईकापासून लपवलेला.

टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर बसवण्याचं भारतीय मानक, आयएस 18112, 2022 साली तयार झालं. असे टीव्ही वाढले की मोफत वाहिन्यांपुरता बॉक्सचा प्रश्न उरणार नाही. पण टीव्ही दहा-दहा वर्षं टिकतात, आणि गरिबाच्या घरात ते आणखी टिकतात. तोवर कोट्यवधी घरांचा संबंध जुन्या बॉक्सशीच आहे. हा प्रश्न सोडवण्याचं साधन सरकारच्या हातात आहे. डीटीएचचा परवाना 2020 च्या निर्णयानुसार वीस वर्षांचा झाला, पुढे दहा-दहा वर्षांनी वाढवून मिळणार आहे, आणि कंपन्या महसुलाचा ठरावीक हिस्सा सरकारला भरतात. इतक्या लांब मुदतीचा परवाना देताना दोन अटी घालणं अवघड नाही: विकलेल्या बॉक्सवर सक्तीच्या सार्वजनिक वाहिन्या कधीही बंद होणार नाहीत, आणि वसुलीची मुदत संपलेला बॉक्स ग्राहकाने मागितल्यावर ठरलेल्या दिवसांत फ्री डिशसाठी मोकळा करून दिला जाईल. ट्राय दर काही वर्षांनी सल्लामसलतीचा मसुदा काढून लोकांची मतं मागवते. त्या उत्तरांत कंपन्यांची आणि वाहिन्यांची पानंच्या पानं असतात. पुढच्या खेपेला महाराष्ट्रातल्या ग्राहक पंचायतींनी ही दोन वाक्यं तिथे लिहून पाठवावीत, सोबत गावोगावच्या बंद बॉक्सच्या पावत्या जोडाव्यात.